घरपट्टीची नोटीस आली आहे, हरकत कशी घ्यायची? (नाशिक)

मखमलाबादकर

नमस्कार मंडळी.

मखमलाबाद रोडला आमचा फ्लॅट आहे. घरपट्टीसाठी करयोग्य मूल्य ठरवल्याची विशेष नोटीस आली आहे. तिच्यात क्षेत्रफळ ७८ चौरस मीटर लिहिलंय. खरेदीखतात चटई क्षेत्र ६१ आहे, बाल्कनी धरली तरी ६६ च्या वर जात नाही. मधले १२ मीटर कुठून आले ते कळत नाही. बिल्डिंगमधल्या चौघांना विचारलं, सगळ्यांच्या नोटिशीत ७८ च आहे. कुणालाच त्याचं काही वाटत नाही. "थोड्याशा पैशांसाठी कोण खेटे घालणार" असं म्हणून मोकळे होतात.

मला हे पटत नाही. आकडा एकदा महापालिकेच्या आकारणी वहीत चढला की दरवर्षी त्याच आकड्यावर बिल येत राहणार. इथे कुणी हरकत घेतली आहे का? अर्ज कुठे द्यायचा? आणि तोपर्यंत बिल भरायचं की थांबायचं?

सिडकोची_सई

घ्या हरकत, नक्की घ्या. आमची मान्य झाली होती. सविस्तर रात्री लिहिते, आता पोळ्या चालू आहेत.

हिशेबनीस

ताई, आधी गणित समजून घ्या, म्हणजे भांडायचं कशावर ते नेमकं कळेल.

आपल्याकडची आकारणी भाडेमूल्यावर चालते. घर भाड्याने दिलं तर वाजवी भाडं किती येईल, हा तिचा पाया. दर चौरस मीटरला महिन्याचा एक दर ठरलेला असतो. तो परिसर, बांधकामाचा प्रकार आणि वापर यांवर बदलतो. दर गुणिले क्षेत्रफळ गुणिले १२ हे वार्षिक भाडेमूल्य. त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा होतात आणि उरतं ते करयोग्य मूल्य. सर्वसाधारण कर, पाणी, मलनिस्सारण, अग्निशमन, वृक्ष, शिक्षण कर अशा बिलावरच्या ओळी त्यावर टक्केवारीने लागतात.

समजा दर १० रुपये आहे (तुमचा खरा दर नोटिशीत बघा, हा फक्त हिशेबासाठी). ७८ मीटरला वर्षाचे ९,३६० होतात, १० टक्के गेले की ८,४२४. ६६ मीटरला ७,९२०, म्हणजे ७,१२८. करयोग्य मूल्यातच १,२९६ चा फरक पडला. दर दुप्पट असेल तर फरकही दुप्पट. आणि हा दरवर्षीचा.

दर तुमच्या हरकतीने बदलत नाही. क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचा प्रकार आणि आकारणी कोणत्या तारखेपासून, या चार नोंदी मात्र पुराव्यावर बदलतात. सगळा जोर तिथे लावा.

गंगापूररोड_रहिवासी

वेगळं मत मांडतो, राग मानू नका. जकात गेली, २०१५ मध्ये एलबीटीही (स्थानिक संस्था कर) बहुतेक व्यापाऱ्यांपुरती गेली, २०१७ ला उरलीसुरलीही. महापालिकेच्या हातात स्वतःचं म्हणावं असं उत्पन्न राहिलं ते मुख्यतः घरपट्टी, पाणीपट्टी आणि बांधकाम परवानग्यांचं शुल्क. गंगापूर आणि मुकणे धरणातून पाणी आणायचं, दारात घंटागाडी पाठवायची, सिंहस्थाचे रस्ते करायचे, हे सगळं कशातून होणार? वर्षाला दीड-दोन हजारांसाठी प्रत्येकजण हरकती घेत बसला तर शहर चालायचं कसं?

सिडकोची_सई

@गंगापूररोड_रहिवासी, काका, आम्ही कर बुडवत नाही हो. आपल्या घराचा जेवढा होतो तेवढा पै न् पै भरतो. नसलेल्या १२ मीटरचा का भरायचा?

द्राक्षबाग

काकांच्या शहर चालवण्याच्या मुद्द्याशी सहमत, पण वाढ कशी केली जाते यालाही महत्त्व आहे. २०१८ आठवा. तुकाराम मुंढे आयुक्त होते. ३१ मार्चला आदेश निघाला आणि १ एप्रिलपासून भाडेमूल्याचे दर एकदम कितीतरी पटींनी चढले. मोकळ्या जागांवरचा करही वाढला आणि त्यात आमच्यासारख्यांच्या शेतजमिनी सापडल्या. आडगाव, मखमलाबाद, म्हसरूळ, पाथर्डी ही मूळची खेडी. १९८२ ला महापालिका झाली तेव्हा हद्दीत आली, पण आजही इथे द्राक्षं आणि भाजीपाला आहे. उभ्या बागेला मोकळा प्लॉट धरून कर लावला तर शेतकरी पेटणारच. मोर्चे निघाले, महासभेत विरोध झाला, गोष्ट अविश्वास ठरावापर्यंत गेली. ठराव ऐन वेळी मागे घेतला गेला, त्याच्या आसपास वाढ काही प्रमाणात कमी केली गेली, आणि नोव्हेंबरात आयुक्तांची बदली झाली.

हे सांगायचं कारण, माणसं एकत्र आली आणि लेखी बोलली तेव्हाच काहीतरी हललं.

नाशिकरोडचा_पक्या

द्राक्षबाग भाऊ, करावर नंतर बोलू, यंदा माल कसा आहे ते सांगा 😄

द्राक्षबाग

माल चांगला आहे, भावाचं बघू. या बागेत, पेटी भरून देतो.

जुना_वाडा

आमचं प्रकरण निराळं आहे. जुन्या नाशकात वाडा आहे, खाली दोन बिऱ्हाडं पिढ्यान्‌पिढ्या भाड्याने. भाडं इतकं कमी की त्यात पावसाळ्याआधीची कौलंसुद्धा शाकारून होत नाहीत. फेरआकारणीत भाडेमूल्य बाजारभावाने धरलं. आम्ही हरकतीत लिहिलं की इथे भाडे नियंत्रण कायदा लागू आहे, मालकाला कायद्याने जेवढं भाडं घेता येतं त्याच्या वर भाडेमूल्य धरता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्येच दिल्लीच्या प्रकरणात हे तत्त्व सांगितलं आहे. सोबत भाडेपावत्यांच्या झेरॉक्स जोडल्या. काही भाग मान्य झाला.

दुसरं असं की पडक्या खोल्यासुद्धा निवासी म्हणून मोजल्या होत्या. मागच्या सोप्याचं छप्पर २०१९ च्या पुरानंतर खाली आलं, ते अजून तसंच आहे. फोटो काढले, त्यात त्या दिवसाचं वर्तमानपत्र हातात धरून. अधिकारी स्वतः येऊन बघून गेले आणि त्या खोल्या वगळल्या.

कायदेकानू

वकिली करतो म्हणून प्रक्रिया सांगतो. आपल्याला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू आहे आणि कर आकारणीचे नियम त्याच्या अनुसूचीत आहेत. मिळकत वहीत पहिल्यांदा चढली किंवा करयोग्य मूल्य वाढलं, तर मालकाला स्वतंत्र लेखी नोटीस द्यावी लागते. मखमलाबादकर, तुम्हाला आलेली तीच. हरकतीची मुदत तिच्यावर छापलेली असते आणि ती नोटीस हातात पडल्यापासून चालू होते. म्हणून नोटीस कुणाला, कोणत्या तारखेला मिळाली ते तिच्या कोपऱ्यात आजच लिहून ठेवा.

हरकत लेखीच द्यायची. तोंडी सांगितलेलं, फोनवर बोललेलं, "साहेबांनी बघतो म्हटलंय" हे सगळं शून्य. अर्ज आपल्या विभागीय कार्यालयात कर विभागाकडे द्या. सहा विभाग आहेत: पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, नवीन नाशिक, सातपूर. मखमलाबाद रोड म्हणजे तुमचा पंचवटी. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

नंतर सुनावणीची तारीख मिळते, तिथे हजर राहायचं. निर्णय पटला नाही तर कलम ४०६ खाली न्यायाधीशांकडे अपील करता येतं, पण मुदत फक्त १५ दिवसांची आहे आणि वादातली रक्कम आधी भरावी लागते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे करयोग्य मूल्याविरुद्धच्या अपिलाला आधी हरकत घेतलेली असावी लागते. हरकत घेतलीच नसेल तर कोर्टाचं दारही बंद. म्हणून "बघू पुढच्या वर्षी" म्हणणारी मंडळी अडकतात.

इंदिरानगरवाली

बिल भरायचं की नाही ते राहिलं ना?

कायदेकानू

भरायचं. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती (दंड) लागते. हरकतीचा निकाल लागेपर्यंत तीच डोक्यावर बसते. बिल भरा आणि सोबत एका ओळीचं पत्र द्या की "ही रक्कम हरकत कायम ठेवून भरत आहे". हरकत मान्य झाली की जास्तीचे पैसे पुढच्या बिलात वळते करून मागता येतात.

हिशेबनीस

शिवाय वर्षाच्या सुरुवातीला भरणाऱ्याला सवलत असते. एप्रिलमध्ये सगळ्यात जास्त, मग मे-जूनला उतरत जाते. भांडणापायी ती घालवू नका.

सिडकोची_सई

आता निवांत लिहिते.

आमच्या रो-हाउसच्या पुढच्या खोलीत सासूबाई शिवणकामाचे वर्ग घ्यायच्या. ते बंद होऊन बरीच वर्षं झाली, पाटीसुद्धा काढली होती. तरी बिलात आख्खा तळमजला अनिवासी. अनिवासीचा दर निवासीच्या कितीतरी वर असतो आणि त्यावर रोजगार हमी कर वेगळा लागतो, जो निवासीला नसतो.

आधी इंडेक्स नंबर (घरपट्टीच्या बिलावरचा मिळकतीचा क्रमांक) टाकून आकारणीचा उतारा काढला. मग मोजणीच्या वेळचा कागद मागितला. सहज मिळेना, तेव्हा माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज टाकला. कागद हातात आल्यावर सगळा उलगडा झाला. पेन्सिलीने काढलेला आमच्या घराचा चौकोन होता. त्यात पुढच्या खोलीवर "शिवण क्लास" लिहिलेलं, पण क्षेत्रफळाच्या रकान्यात खोलीचं माप न टाकता तळमजल्याची पूर्ण लांबी-रुंदी गुणलेली. जिना आणि पार्किंगसुद्धा त्याच ओळीत. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, एका दिवसात किती घरं मोजत असतील कोण जाणे. पण त्या एका ओळीवर आमचं बिल उभं होतं.

अर्जासोबत मंजूर नकाशाची प्रत, विजेचं बिल (मीटर घरगुती आहे हे दाखवायला) आणि खोलीचे फोटो दिले. सुनावणीच्या खोलीत एक लांब बाक, टेबलावर नाड्या बांधलेल्या फायली. साहेबांनी नकाशावर पट्टी ठेवली, दोन मापं ताडून बघितली आणि विचारलं, "क्लास बंद असल्याचं लेखी देता का?" सासूबाईंनी तिथेच स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं. जागेची पाहणी झाली आणि तळमजला निवासी झाला.

मखमलाबादकर ताई, तुमचे १२ मीटर म्हणजे पार्किंग आणि जिन्याचा वाटा असणार, मला खात्रीच वाटते. मोजणीचा कागद मागवाच.

नाशिकरोडचा_पक्या

टेप धरायला माणूस हवा असेल तर येतो, दुसऱ्या टोकाला कुणीतरी लागतंच. मेहनताना म्हणून एक मिसळ.

इंदिरानगरवाली

पक्या, तू एका मिसळीवर थांबणार आहेस का 😂

मला विचारायचंय की मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना घरपट्टी माफ आहे, पुण्यात स्वतः राहणाऱ्याला ४० टक्के सवलत आहे. मग आपण नाशिककरांनी काय पाप केलंय? हरकतीत हा मुद्दा घालता येईल का?

कायदेकानू

नाही घालता येणार. मुंबईचा कायदाच वेगळा आहे, तिथे भांडवली मूल्यावर कर लागतो आणि ती माफी राज्य सरकारने २०२२ पासून दिली. पुण्याची सवलतही तिथल्यापुरतीच. ही मागणी लोकप्रतिनिधींकडे, सरकारकडे करायची. हरकतीचा अर्ज ऐकणाऱ्या अधिकाऱ्याला दर बदलण्याचा अधिकारच नसतो, त्याला नोंद दुरुस्त करता येते. अर्जात असे चार मुद्दे कोंबले की खरा मुद्दा दिसेनासा होतो.

माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना मात्र एका घरासाठी करमाफीची योजना २०२० पासून आहे. घरात कुणी असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला घेऊन वेगळा अर्ज करा.

पाथर्डीफाटा_१०१

माझा प्रश्न तारखेचा आहे. आमच्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखला २०१७ अखेर मिळाला. वहीत नोंद झाली २०१९ ला, त्यामुळे दर नंतरचा लागला. समोरच्या इमारतीत तेवढाच फ्लॅट, तोच रस्ता, तेच पाणी, आणि बिल आमच्या निम्म्याहून कमी. हे कसं सहन करायचं?

हिशेबनीस

२०१८ च्या आदेशाने शहरात हीच दुफळी पडली. १ एप्रिल २०१८ च्या आधीच्या आणि नंतरच्या मिळकती शेजारी शेजारी असूनही दर वेगळे. तुमचा दाखला आधीचा आहे, तेव्हा माझ्या मते तुमची बाजू भक्कम आहे. बांधकाम केव्हा पूर्ण झालं हे बघायला हवं, नोंद व्हायला उशीर झाला त्याचा भुर्दंड तुमच्यावर का?

कायदेकानू

हिशेबनीस, इतकं ठामपणे मी म्हणणार नाही. समोरून "आकारणी ज्या तारखेला झाली तो दर" असा युक्तिवाद येऊ शकतो. पण मुद्दा मांडण्यासारखा आहे हे नक्की. पाथर्डीफाटा, पूर्णत्वाच्या दाखल्याची साक्षांकित प्रत, पहिलं वीजबिल आणि फ्लॅटचा ताबा मिळाल्याचं पत्र, तिन्ही जोडा. वापर त्या तारखेआधी सुरू झाला हे कागदावर दिसलं पाहिजे. आणि एकट्याने जाऊ नका, सोसायटीतल्या प्रत्येकाने आपापला स्वतंत्र अर्ज द्या. हरकत मिळकतनिहाय ऐकतात, सामूहिक निवेदनाला नुसता आवक क्रमांक पडतो.

गंगापूररोड_रहिवासी

हा शेजारी-शेजारी वेगळ्या दराचा प्रकार मलाही मान्य नाही. कर घ्या, पण सारख्या घराला सारखा. वर म्हटलं होतं की हरकती घेत बसू नये, पण सईताईंची ती पेन्सिलीची ओळ वाचून माझाही उतारा काढला. माझं क्षेत्रफळ बरोबर आहे.

म्हसरूळ_बंगला

एक शंका. आम्ही वरच्या गच्चीवर परवानगी न घेता एक खोली काढली आहे. बाकी घराचं क्षेत्रफळही चुकीचं धरलंय. हरकत घेतली तर खोली उघडी पडेल का?

कायदेकानू

पडेल. पाहणीला माणूस आला की दिसणारच. विनापरवाना बांधकामावर कलम २६७-अ खाली कराच्या दुप्पटीपर्यंत शास्ती दरवर्षी लागू शकते, आणि ती भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही. आधी वास्तुविशारदाकडून नगररचनेत खोली नियमित होते का ते बघा. लपवून हरकत घ्या असा सल्ला मी देणार नाही.

म्हसरूळ_बंगला

स्पष्ट सांगितल्याबद्दल आभार. आधी नकाशाचं बघतो.

जुना_वाडा

अजून एक. घर बंद ठेवून मुलाकडे परगावी राहणारे बरेच ज्येष्ठ आहेत. रहिवास नसलेल्या मिळकतीला करात सूट मागता येते, पण घर रिकामं असल्याची लेखी सूचना आधी द्यावी लागते, परत आल्यावर मागून चालत नाही. लोकसेवा हक्क कायद्याखालच्या सेवांमध्ये ही सूट आणि आक्षेप नोंदवणं, दोन्ही आहेत. म्हणजे अर्जावर किती दिवसांत काम व्हायला हवं तेही ठरलेलं असतं. उशीर झाला तर त्याच कायद्याखाली वरिष्ठांकडे अपील टाका.

मखमलाबादकर

सगळ्यांचे मनापासून आभार. पक्या खरंच टेप घेऊन आला, मिसळही झाली (एक नाही). प्रत्येक खोली दोनदा मोजली. आतलं ६१, बाल्कनी साडेचार. मोजणीचा कागद मागितला आहे, पण मुदत जवळ आलीय म्हणून त्याची वाट न बघता अर्ज देते. मसुदा असा:

"इंडेक्स क्र. ___ या मिळकतीच्या विशेष नोटिशीत (मिळाल्याचा दिनांक ___) क्षेत्रफळ ७८ चौ.मी. दर्शविले आहे. ही आकारणी अत्यंत अन्यायकारक असून सर्वसामान्य नागरिकांचे कंबरडे मोडणारी आहे. खरेदीखत व मंजूर नकाशाप्रमाणे क्षेत्रफळ ६५.५ चौ.मी. आहे. तरी योग्य ती कार्यवाही करावी."

कायदेकानू

दुसरं वाक्य पूर्ण काढा. त्या जागी मोजमापाचा तक्ता टाका: खोलीचं नाव, लांबी, रुंदी, क्षेत्रफळ. शेवटी "योग्य ती कार्यवाही" असं मोघम नको. नेमकं मागा: "क्षेत्रफळ ६५.५ चौ.मी. धरून करयोग्य मूल्य दुरुस्त करावे, जागेची पाहणी माझ्या समक्ष करावी व मला सुनावणीची संधी द्यावी." सोबत जोडलेल्या कागदांची यादी क्रमांकासह लिहा आणि पोच घेतलेल्या प्रतीवर ती यादीही येऊ द्या. नाहीतर नंतर "नकाशा जोडलाच नव्हता" असं ऐकावं लागतं.

मखमलाबादकर

दुरुस्त केलं. कंबरडं काढलं. उद्या सकाळी देते. बिल्डिंगमधले दोघेजण आता सोबत यायला तयार झालेत, त्यांनाही आपापले अर्ज लिहायला बसवलंय.

इंदिरानगरवाली

हा मसुदा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकू का? आमच्याकडेही नोटिसा आल्यात.

मखमलाबादकर

टाका ना. फक्त प्रत्येकीने आपलं घर स्वतः मोजायचं, माझे आकडे तसेच ठेवायचे नाहीत.

नाशिकरोडचा_पक्या

इंदिरानगरला रविवारी सकाळी मोकळा आहे.